तीस शब्दांच्या बाहेर

कन्नमवार नगर, विक्रोळी
२० एप्रिल २०२५

आई,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पाकीट न फोडता चुलीत घालायचं असेल तर घाला. मी दुसरं लिहीन. तुमच्याकडची लाकडं संपायची नाहीत आणि माझ्याकडचे कागद.

जान्हवी मार्तंडभावोजींबरोबर नीट पोचली हे तुमच्या शेजारच्या वनमालाकाकूंच्या फोनवरून कळलं. दर उन्हाळ्यात ती तुमच्याबरोबर गावी असते, तशीच याही वर्षी पाठवली. आपलं भांडण नऊ वर्षांच्या पोरीच्या सुट्टीत आणायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. दुधात साखर घालू नका, तिची दाढ किडली आहे.

आता मुख्य गोष्ट. या गुरुवारी, सतरा तारखेला, माझं आणि विशालचं लग्न झालं. रजिस्टर. साक्षीला त्याचे वडील भाऊराव, माझ्या लॅबमधली दिशा आणि तिचा नवरा. नंतर मानखुर्दला त्यांच्या घरी जेवलो. विशाल आज पहाटे परत जर्मनीला, कासेलला गेला. हे तुम्हाला भावोजींच्या तोंडून कळू नये म्हणून मी लिहिते आहे. नोटिशीचं तसंच कळलं ना.

रजिस्टर लग्नाआधी ती नोटीस लावायचा कायदाच आहे, आई. तीस दिवस ऑफिसच्या भिंतीवर राहते, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. भावोजी दुसऱ्या कामाला तिथे गेले, त्यांनी वाचली, फोटो काढला आणि संध्याकाळी तुमच्यासमोर धरला. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी बॅग भरलीत आणि दारात चपला घालताना म्हणालात, "सर्वेशाक जावन तीन वर्सां नाय झाली. आणि गावलो तोव कोण, तर कांबळो."

हाच कांबळो माझ्या नवऱ्याबरोबर, तुमच्या सर्वेशबरोबर आयटीआयला होता. त्याच्या मशीनच्या शेजारच्या मशीनवर होता. तुमच्या हातचं बांगड्याचं तिखलं त्याने किती वेळा खाल्लं असेल! तेव्हा तो "विशाल, आजून एक भाकरी घे" होता. आता कांबळो झाला.

तुम्ही सोळा मार्चला गेलात. बावीसला माझा पेपर होता. बायकोला जर्मनीला न्यायचं तर तिला त्या भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. शंभरात साठ लागतात. मला छप्पन्न मिळाले. लिहिण्यात वाट लागली. नापास झाले हे मी स्वतः सांगते आहे, तेवढं एक तरी माझ्याकडून ऐका.

आणि एक. तुमच्या मनात जे आहे ते तुम्ही बोलला नाहीत, पण मला समजतं. सर्वेश असताना विशाल फक्त त्याचा मित्र होता. माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. जे झालं ते सर्वेश गेल्यानंतर दोन वर्षांनी.

पुढची परीक्षा चोवीस मेला आहे. मी देणार आहे.

रुचिरा


२९ एप्रिल

आई,

पत्र पोचलं हे समजलं. तुम्ही वाचलंत हेही समजलं, कारण दुधात साखर बंद झाल्याची तक्रार जान्हवीने केली.

तुम्ही वनमालाकाकूंना म्हणालात म्हणे, "नापास झाली ता देवाच्याच मनात नाय म्हणान." आई, देवाने पेपर तपासला नाही. पेपर तपासणाऱ्याला मी कोण, विधवा की सवाष्ण, परब की कांबळे, काही ठाऊक नव्हतं. त्याच्यापुढे फक्त माझं लिखाण होतं आणि ते वाईट होतं. ते मी सुधारू शकते.

क्लास मुलुंडला आहे, शनिवार-रविवार. विद्याधर सर शिकवतात. सत्तरीचे आहेत, एका औषधाच्या कंपनीत भाषांतरं करायचे. वर्गात बाकी सगळी विशी-पंचविशीतली पोरं. मी छत्तीसची, आणि सकाळी सहापासून लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेऊन आलेली, त्यामुळे दुपारी डोळे मिटतात. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "बाई, झोप आली तर सांगा, उभं राहून शिका." मी उभी राहिले. दोन तास. आता ते विचारत नाहीत.

लिहिण्याच्या पेपरात दोन भाग असतात. पहिला फॉर्म भरायचा. सोपा वाटतो. जानेवारीत सरांनी आम्हाला आपापला फॉर्म भरायला दिला होता. नाव, गाव, जन्मतारीख, आणि मग कौटुंबिक स्थिती. चार चौकोन. अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा. सगळ्या वर्गाने पहिल्या दोनांत खुणा केल्या आणि पेनं खाली ठेवली. माझं पेन चौथ्या चौकोनावर होतं. शब्द मोठा आहे, फेअरविटवेट. सरांनी मला तो उभं करून वाचायला लावला नाही. बाकी सगळ्यांना आपापला शब्द वाचायला लावला. मला राग आला. मी हात वर करून म्हटलं, "सर, माझा राहिला," आणि मोठ्याने वाचला.

परवा तोच फॉर्म पुन्हा भरला. दुसऱ्या चौकोनात खूण केली. सर म्हणाले, "अरे वा, अभिनंदन." मग मी चौथ्यातही केली. ते म्हणाले, "बाई, एकच खूण चालते." मी म्हटलं, "सर, मी दोन्ही आहे." ते म्हणाले, "असाल. पण एक मार्क जाईल." मी चौथी खूण खोडली. परीक्षेसाठी खोडली, आई. दुसऱ्या कशासाठी नाही.

दुसऱ्या भागात पत्र लिहायचं. तीसेक शब्द. तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही आले पाहिजेत. त्या दिवशी सरांनी सांगितलं, घरच्या माणसाला पत्र लिहा, कुणालाही. मी तुम्हाला लिहिलं. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही वेगळं आहे, आणि तुम्हीचं पहिलं अक्षर वाक्याच्या मध्ये आलं तरी मोठं काढतात. मला ते फार आवडलं. मी सगळीकडे तुम्ही लिहिलं, मोठं अक्षर काढून. सरांनी सगळीकडे लाल रेघ मारली.

"घरातल्यांना तू."

"सर, सासूला कोण तू म्हणतं?"

"जर्मन लोक म्हणतात."

"मी नाही म्हणणार."

"मग मार्क जातील."

"जाऊ देत."

वर्ग हसला. सरही हसले, पण रेघ खोडली नाही. तुमच्यासाठी मी मार्क घालवते आहे आणि तुम्ही माझा फोन उचलत नाही. एवढंच सांगायचं होतं.

रुचिरा


११ मे

आई,

आज मी नमस्कार वगैरे काही लिहिणार नाही.

सकाळी वनमालाकाकूंच्या फोनवर जान्हवी रडत होती. "आई, तू मला इथे ठेवून जाणार? आजी म्हणाली, तुझ्या आयशीन नवो संसार मांडल्यान, आता तू हयच रवतलंस." मागून तुमचा आवाज येत होता, मुलाच्या मुलीवर हक्क सांगणारा. "माझ्या झिलाचा चेडू हयच रवतला. तिका जावचा असात तर जाऊ दे."

तुम्ही मला काहीही म्हणा. दारात उभं राहून जात काढलीत, मी ऐकून घेतलं. पण माझ्या मुलीला तिची आई तिला टाकून चालली आहे असं सांगायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

तिचा पासपोर्ट फेब्रुवारीत काढला. माझ्याआधी तिचा आला. तिथल्या शाळेला विशालने पत्र लिहिलं, ते माझ्याकडे आहे. मी परीक्षेला बसले आहे ती दोघींना एकत्र जाता यावं म्हणून. नाहीतर मला काय हौस आहे या वयात नामांची लिंगं पाठ करायची? टेबल पुरुष, दिवा स्त्री आणि मुलगी नपुंसक. हो, त्यांच्यात मुलगी नपुंसक असते. आपल्याकडे मुलीला 'ता चेडू' म्हणतात, तशीच. हे तुम्हाला सांगून हसवायचं असं मी महिनाभर ठरवत होते. आता हसू येत नाही.

तुम्ही काय केलं होतंत ते आठवा. गिरणी बंद पडली, सासरे वर्षभर उंबऱ्यावर बसून राहिले, आणि तुम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला निघालात. तुमच्या सासूने सांगितलं होतं, बाहेर पाऊल टाकलंस तर पोरं माझ्याकडे राहतील. तुम्हीच मला सांगितलंत हे, सर्वेशच्या डायलिसिसच्या वेळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. तुम्ही तेव्हा दोन्ही पोरांना दोन हातांना धरलंत आणि कँटीनच्या मागच्या दाराशी बसवून काम केलंत. सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जी मिजास होती ती मी विसरलेले नाही.

मी तुमच्याच घरात बारा वर्षं राहिले आहे. दुसऱ्या कुणाकडून शिकणार होते?

सात जूनला येते. जान्हवीला घ्यायला. दार उघडं नसेल तर अंगणात बसेन. मला उभं राहायचीही सवय झाली आहे.

रुचिरा


१८ मे

आई,

मागचं पत्र टाकून आले आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. पण त्याच्या आधीच्या, पहिल्या पत्रातलं एक वाक्य मागे घ्यायचं आहे.

मार्चच्या पेपरात नापास का झाले ते सरांना जाणून घ्यायचं होतं. काय लिहिलं होतंत ते आठवून पुन्हा लिहा म्हणाले. प्रश्न असा होता की मित्राचा वाढदिवस आहे, तुम्ही जाऊ शकत नाही. माफी मागा, कारण सांगा, केव्हा भेटाल ते सांगा. मी माफी मागितली आणि कारण लिहायला घेतलं. माझ्या सासूबाई घर सोडून गेल्या. मुलगी शाळेतून आली की आजी कुठे विचारते. स्वयंपाकघरात त्यांचा पाट तसाच आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत. एवढं जर्मन मला येत नव्हतं, तरी तोडकंमोडकं लिहीत गेले. वेळ संपली. तिसरा मुद्दा राहूनच गेला.

सरांनी वाचलं.

"बाई, 'मी आजारी आहे' लिहायचं आणि मोकळं व्हायचं."

"पण मी आजारी नव्हते, सर."

"परीक्षेत खरं लिहायचं नसतं. बरोबर लिहायचं असतं."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. ज्या परक्या माणसाला मी कधी बघणार नाही त्याच्यापुढे मला खोटं लिहवलं नाही. आणि तुम्हाला, बारा वर्षं एका ताटलीत चटणी वाटून खाल्लेल्या बाईला, पहिल्याच पत्रात खोटं लिहिलं.

तर खरं असं आहे.

सर्वेशच्या आजारपणाची दोन वर्षं विशाल रोज संध्याकाळी साडेसहाला फोन करायचा. त्याची पाळी सुटली की. सर्वेशची तब्येत विचारायचा, रिपोर्ट विचारायचा, मग मला विचारायचा, तू जेवलीस का. पुढे काही नाही. एकही शब्द पुढे नाही. पण सहा वाजले की मी घड्याळ बघायचे. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर माझं काम बिघडायचं. नवरा आतल्या खोलीत, आणि मी ओट्याशी उभी राहून त्याच्या मित्राच्या फोनची वाट बघायची. हे सर्वेश असताना. तो गेल्यावर दोन वर्षांनी नाही.

एकदा सर्वेशने आतून विचारलं, "विशालचा फोन झाला? मग आता जेवून घे." त्याला काय म्हणायचं होतं मला माहीत नाही. माझ्या सोयीचा अर्थ मी लावणार नाही. तसाच तुम्हाला लिहिते आहे.

मी त्याचं काही कमी केलं नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेलं, पाणी मोजून दिलं, पाय चेपले. ते तुम्ही बघितलं आहे. पण त्या फोनची वाट बघितली, हे बघितलं नसेल, म्हणून सांगितलं.

माफी मागत नाही. लाज वाटायची तेवढी तेव्हाच वाटून घेतली, रोज साडेसहाला. आता उरलेली नाही. तुम्हाला हवं तर हे पत्र भावोजींना दाखवा, भावकीत वाचा. मी सही केली आहे.

रुचिरा


२५ मे

आई,

काल पेपर झाला.

प्रश्न होता की मैत्रीण तुमच्या शहरात येते आहे. तिला केव्हा भेटाल, कुठे भेटाल, काय खाल. मी लिहिलं, मी आठ वाजता येते, तू स्टेशनच्या दाराशी थांब, आपण मासे खाऊ. मैत्रिणीला तू म्हटलं. नामांची पहिली अक्षरं मोठी काढली. शब्द मोजले, तेहतीस. पाच मिनिटं उरली होती. पुन्हा वाचलं. सगळं बरोबर होतं आणि त्यात एक शब्द खरा नव्हता. अशी कुणी मैत्रीण नाही.

बाहेर आल्यावर सरांना फोन केला. ते म्हणाले, "मासे कसे लिहिलेत, स्पेलिंग सांगा." सांगितलं. म्हणाले, "झकास. आता झोपा."

निकाल पंधरा दिवसांत. सात तारखेला सकाळी मी कणकवलीला उतरते. निकाल काहीही लागो, मुलगी माझ्याबरोबर येणार.

मागच्या पत्राला तुमचं उत्तर नाही. जान्हवी म्हणते, आजीने ते पत्र दोनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. मग माझ्याशी बोलायला फोनवर आली का नाही, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आजी आमसुलं करतेय. तिचे हात लाल आहेत."

रुचिरा


१० जून

आई,

जान्हवी आणि मी काल सुखरूप पोचलो. ती झोपली आहे. तुमच्या अंगणात जे झालं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण पुढेमागे तुम्ही साफ नाकबूल कराल, मी तुम्हाला ओळखते.

दार उघडं होतं. तुम्ही खळ्यात बसून आमसुलांसाठी रतांबे फोडत होता. जान्हवी धावत आली, तिचे हातही कोपरापर्यंत लाल. तुम्ही मान वर केली नाहीत. मी पायऱ्यांवर बसले. तुम्ही पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवलात, पण सरकवताना दुसरीकडे बघत होता. मग जान्हवीला वनमालाकाकूंकडे पाठवलंत.

मी आल्या आल्या भांडायचं ठरवून आले होते. पर्समधून पासपोर्ट काढले आणि तुमच्यासमोर ठेवले. म्हटलं, "वाचा. जान्हवी सर्वेश परब. माझंही नाव बदललेलं नाही. विशालच म्हणाला, राहू दे. तुमच्या मुलाचं नाव कुणी पुसत नाही."

तुम्ही हात पदराला पुसलेत, पासपोर्ट लांब धरून तिचं नाव बोटाने वाचलंत. परत ठेवलात. मग म्हणालात, "माका नावाचा काय सांगतंस? नाव मियां ठेवलंय तेचा. ता खंय जातला?"

मी म्हटलं, "मग राग कशाचा आहे? फोनचा? लिहिलं ना मी सगळं."

तेव्हा तुम्ही विळी बाजूला केलीत. ही वाक्यं मी बसमध्ये बसल्या बसल्या तिकिटाच्या मागे लिहून घेतली.

"सर्वेशाचो फोन कोणाकडे असायचो? माझ्याकडे. रोज साडेसहाक फोन कोणी उचललो? मियांच मां! तुका हाक कोणी मारली? मियांच. माका ठावक नाय असा तुका वाटला? दिवसभर तुझ्या पोटात अन्नाचो कण नसायचो. त्या फोनानंतर जेवायचंस. म्हणान मी हाक मारी."

दीड महिना मी ज्या गोष्टीसाठी दंड थोपटून उभी होते, ती तुम्ही तेव्हाच मिटवून टाकली होतीत. मला पत्ताही नव्हता.

"मग?" एवढंच विचारलं मी.

"मग काय! माका भिंतीवरच्या कागदातसून कळला. मार्तंडान फोटो दाखवल्यान. बारा वर्सां एका घरात रवलंव. शेजारीण म्हणान तरी सांगूक होया होता. तू माका आधी सांगलंस काय? नाय. रजिस्टरवाल्याक सांगलंस, मास्तराक सांगलंस, भिंतीक सांगलंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हटला असता. रडलंय असतंय, जात काढलंय असतंय, चार दिवस जेवलंय नसतंय. तरी तू केलाच असतंस. पण माका आधी कळला असता."

आई, मी भांडायला आले होते आणि भांडण तिथेच संपलं. कारण हे खरं आहे. मी घाबरले होते. या सगळ्या पत्रांत मी किती ताठ उभी आहे हे तुम्हाला दाखवत होते, पण फेब्रुवारीत तुमच्यासमोर ओट्याशी उभं राहून एक वाक्य बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. जान्हवीचा पासपोर्ट आला तेव्हा तो मी उशीच्या अभ्र्यात लपवला होता. त्याची माफी मागते. बाकी कशाची नाही, पण याची मागते.

तुम्ही माफ केलं असं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "जान्हवीक मी तसा सांगूक नको होता. ता माझा चुकला." आणि लगेच, "चेडू घेवन जा. मी काय येवचंय नाय." जान्हवी परत आली आणि तिने तुमच्या गळ्यात पडून तूही चल म्हणून हट्ट धरला, तेव्हा म्हणालात, "थंय ताजो बांगडो कोण हाडतलो माका?" पोरगी म्हणाली, विशालकाका आणेल. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि पुन्हा विळी ओढून घेतलीत. विशालबद्दल एक शब्द नाही. चांगला नाही, वाईट नाही. मी तो मागितलाही नाही. तुम्हाला तो पटायला पाहिजे अशी माझी अट नाही, आणि तुम्हाला पटल्याशिवाय जगायचं नाही अशी तर मुळीच नाही.

निघताना मी म्हटलं, आता फोन उचला. तर म्हणालात, "फोन नको. लिवन धाड. फोनार तू खोटा बोलतंस."

बरं. लिहिते.

आज निकाल आला. एकोणऐंशी. लिहिण्यात पंचवीसपैकी तेवीस. विद्याधर सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "दोन मार्क कुठे गेले?" मी म्हटलं, तुमच्या लाल रेघांनी नेले असतील.

रुचिरा


१२ सप्टेंबर

आई,

दुपारचे तीन वाजले आहेत. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, कुरियरवाला येऊन गेला.

दोघींचा व्हिसा आला.

पासपोर्ट माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर उघडे आहेत. जान्हवीच्या फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेत, तुम्ही बघाल तर ओरडाल. तिकिटं अजून काढलेली नाहीत. दसरा होऊन जाऊ दे, मग काढेन असा विचार आहे. त्याआधी चार दिवस आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ. भावोजींना या खोलीची किल्ली मी देणार नाही, तुमच्याच हातात देईन. खोली तुमची आहे. तुम्हाला पाहिजे तेव्हा या, राहा, नको असेल तर कुलूप लावा. भावोजींना ते आवडणार नाही. नको आवडू दे.

मी परवानगी मागत नाही, हे तुम्हाला समजलंच असेल. तुम्ही पुन्हा चार दिवस जेवणार नसाल तर माझा इलाज नाही. जात काढायची तर काढा, मी त्यालाही उत्तर लिहीन, आणि लांब लिहीन. आम्ही जाणार.

पण ही बातमी आत्ता जगात फक्त मला माहीत आहे. जान्हवी शाळेत आहे. दिशाला सांगितलेलं नाही. सरांना नाही. विशालला नाही. तो रोज विचारतो, काही आलं का. आज विचारेल तेव्हा मी त्याला सांगणार आहे की आलं आहे की नाही ते मी सोमवारनंतर सांगेन, आईंच्या हातात पत्र पडल्यावर. तो समजून जाईल, गप्प बसेल. नाही बसला तर थांबू दे त्याला. त्याने पाच महिने वाट बघितली, आणखी तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

पोस्ट चारला बंद होतं. मी चपला घालूनच हे लिहिते आहे.

रुचिरा